प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र आणि आडनाव चुकलंय, दुरुस्ती कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी १९९१ मध्ये घेतलेल्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र खरेदीखतापेक्षा कमी लागलंय, आडनावातलं एक अक्षर बदललंय, बँकेच्या वकिलाने त्यावर बोट ठेवून कर्ज अडवलंय आणि एक एजंट पंधरा हजारांत 'सगळं करून देतो' म्हणतोय.

एजंटला पैसे द्यायच्या आधी थोडं थांबा. मी वकील नाही. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं घर आहे. वडील गेल्यावर जवळपास अशाच दोन चुका मला निस्तराव्या लागल्या. खरेदीखतात २००४ चौरस फूट, म्हणजे १८६.२ चौरस मीटर. संगणकीकृत कार्डावर १६८.२. आणि वारस नोंदीत आई 'इंदिरा'ची 'इंदूबाई' झालेली.

मी पहिला अर्ज केला तो असा: 'क्षेत्र चुकले आहे, दुरुस्त करून मिळावे.' सोबत घरपट्टीची पावती, लाइट बिल आणि आधार कार्ड. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. टेबलावरच्या लिपिकांनी शांतपणे सांगितलं, "ताई, यातला एकही कागद जागेचं माप सांगत नाही." तेव्हा राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. घरपट्टी म्हणजे नगरपालिकेने कर कोणाकडून वसूल करायचा याची नोंद. तिच्यावर नाव असल्याने मालकी सिद्ध होत नाही आणि क्षेत्र तर मुळीच नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणीदार, काका राहतात. त्यांनी कार्ड हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "ही चूक पहिल्यांदा कुठल्या कागदावर आली?" मला उत्तर देता येईना. मी तुम्हालाही हाच प्रश्न विचारते, कारण कोणाकडे जायचं, कोणती कागदपत्रं लावायची, सगळं यावर ठरतं.

प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका, एकटी जन्माला येत नाही. गावाला सिटी सर्व्हे, म्हणजे नगर भूमापन, लागू झाला तेव्हा प्रत्येक मिळकत मोजली गेली, कोणाच्या ताब्यात काय आहे याची चौकशी झाली आणि ती चौकशी नोंदवहीत उतरली. त्यावरून धारकाला सनद, म्हणजे मिळकतीचा सरकारी दाखला, दिली गेली आणि हस्तलिखित पत्रिका उघडली गेली. नकाशाची शिट वेगळी. पुढे खरेदी, वारस, गहाण, जे जे घडलं त्याचा फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, त्या पत्रिकेवर चढत गेला. अलीकडच्या काळात या हस्तलिखित पत्रिका संगणकावर घेतल्या गेल्या. म्हणजे एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना चूक शिरायला चार-पाच जागा आहेत. तुमची चूक नेमकी कुठे शिरली, ते मागे मागे जात शोधायचं.

मी चौकशी नोंदवहीचा उतारा, हस्तलिखित मिळकत पत्रिका आणि नकाशा, तिन्हींच्या नकलांसाठी अर्ज दिला. कोर्ट फीचं तिकीट, फी, आणि मग वाट. पत्रिका लवकर मिळाली, नोंदवहीला वेळ लागला. ज्या दिवशी बस्ता सोडून आमचं पान काढलं त्या दिवशी मी तिथेच उभी होते. पिवळ्या पडलेल्या कागदावर स्वच्छ अक्षरात १८६.२ लिहिलं होतं. हस्तलिखित पत्रिकेवरही १८६.२. नकाशावर मापं १९ मीटर आणि ९.८ मीटर, आणि त्यांचा गुणाकार नेमका १८६.२ येतो. काकांनी हा गुणाकार मला कागदावर करून दाखवला आणि अर्जात लिहायला लावला. संगणकावर घेताना आठ आणि सहा यांची अदलाबदल झाली होती, इतकंच. वडिलांच्या पेटीत सनदही सापडली, ती शाईने अर्धी पुसलेली होती तरी जोडली.

दुसरा अर्ज एका पानाचा होता. संगणकीकृत पत्रिकेत काय आहे, हस्तलिखितात काय आहे, नोंदवहीत काय आहे, नकाशाची मापं काय. मागणी एकच: मूळ अभिलेखाप्रमाणे नोंद करावी. तालुक्याच्या गावी हा अर्ज उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे जातो, मोठ्या शहरात नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे. या वेळी अर्ज परत आला नाही.

आता तुमच्या कागदांचं. हस्तलिखित पत्रिका बरोबर असेल आणि फक्त संगणकातलं चुकलं असेल तर तुमची वाट सोपी आहे, माझ्यासारखीच. नोंदवहीपासूनच क्षेत्र कमी असेल तर मात्र ती लेखनिकाची चूक नव्हे. मग खरेदीखतात विकणाऱ्याने जास्त लिहिलं की मोजणीत कमी धरलं, हे ठरवावं लागतं. त्यासाठी रीतसर मोजणीची फी भरून मोजणी करून घ्या आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. शेजाऱ्यांना मोजणीची नोटीस जातेच, तरी आधी स्वतः जाऊन त्यांच्याशी बोला. ते नाराज असतील तर हद्दीचा वाद सुरू होतो, आणि मग ते प्रकरण दुरुस्तीचं राहत नाही.

आडनावाचं आधी खरेदीखतात पाहा. तिथे बरोबर असेल आणि पत्रिकेवर चुकलं असेल तर खरेदीखत आणि सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा निबंधक कार्यालयातला उतारा) लावून अर्ज पुरतो. पण खरेदीखतातच चूक असेल तर भूमी अभिलेख कार्यालय काही करू शकत नाही, कारण त्यांनी खताप्रमाणेच लिहिलंय. तिथे दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्ती दस्त नोंदवावा लागतो आणि त्यावर विकणाऱ्याची सही लागते. विकणारा हयात नसेल तर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या. ते तयार नसतील तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली दिवाणी न्यायालयात दस्त दुरुस्त करून मागता येतो, पण तो लांबचा रस्ता आहे. म्हणून विकणारे माहितीतले असतील तर आजच फोन करा, उद्यावर टाकू नका.

आईच्या नावाची चूक शोधत गेल्यावर कळलं की वारस नोंदीच्या अर्जातच भावाने घरात हाक मारतात ते नाव लिहिलं होतं. कार्यालयाकडून काही चुकलं नव्हतं. आईचं प्रतिज्ञापत्र, तिचा जुना शाळेचा दाखला, रेशन कार्ड, आणि आम्हा दोघा भावंडांचं 'हरकत नाही' असं लेखी निवेदन दिलं, तेव्हा 'इंदिरा ऊर्फ इंदूबाई' अशी नोंद झाली. बायकांच्या नावांत हे फार होतं. माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव, आणि कागदावर भलतंच चौथं. घरातल्या बायकांची नावं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत का, हे त्या हयात असतानाच बघून घ्या. आई स्वतः सही करायला होती म्हणून आमचं निभावलं.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने सातबाऱ्याचं विचारलंय, म्हणून तेही लिहिते. घर बिगरशेती प्लॉटवर असेल आणि सिटी सर्व्हे झालेला नसेल तर तुमचा कागद सातबारा. तिथे हेक्टर-आरच्या टिंबाची चूक सर्रास असते: ०.०४.५० च्या जागी ०.४५.०० पडतं आणि साडेचार आरांची पंचेचाळीस आर होते. फेरफार क्रमांक सातबाऱ्यावरच असतो, तो धरून गाव नमुना ६ मधला मूळ फेरफार काढा. लेखनिकाची चूक असेल किंवा सगळे संबंधित ती चूक मान्य करत असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबाऱ्यातली तफावत महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतूनही कळवता येते. मात्र कलम १५५ ने नवा मालक घालता येत नाही किंवा बहिणीचं नाव काढता येत नाही. कोणी तसं करून देतो म्हणाला तर तो आदेश पुढे अपिलात टिकणार नाही. फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल तर त्यावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, कलम २४७ प्रमाणे, आणि मुदत साठ दिवस. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा आणि त्यात खरं कारण लिहायचं.

सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरच्या नोंदीने मालकी येत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. त्यामुळे चूक दिसली म्हणून वडिलांची जागा हातची गेली असं समजून झोप उडवून घेऊ नका. पण जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५७ म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरायची. बँकेचा वकील कागदच बघणार, म्हणून दुरुस्ती टाळता येत नाही.

आदेश मिळाला म्हणजे काम संपलं असंही धरू नका. आमचा आदेश हातात आला आणि ऑनलाइन पत्रिकेवर पुढचे दोन महिने १६८.२ च होतं, कारण आदेशाची नोंद घ्यायची राहिली होती. आदेशाची प्रत जोडून स्मरणपत्र दिलं, पोच घेतली, तेव्हा झालं. सगळं मिळून सात महिने लागले. प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच ठेवा. जुना अभिलेख 'सापडत नाही' असं तोंडी उत्तर आलं तर माहिती अधिकारात लेखी मागा. तीस दिवसांत लेखी उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. माझ्या ओळखीच्या एकांचा न सापडणारा फेरफार तसाच सापडला.

एजंट नकला काढून देण्यापुरता उपयोगी पडतो, पण चूक कुठे आहे हे तो तुमच्यासाठी शोधणार नाही, आणि पेटीतली सनदही त्याला माहीत नसते. बँकेला आत्ताच दुरुस्तीच्या अर्जाची पोच आणि हस्तलिखित पत्रिकेची नकल दाखवा. आमच्या बँकेने तेवढ्यावर प्रकरण बंद न करता पुढची तारीख दिली होती.

आज संध्याकाळी खरेदीखत उघडा. आडनाव कसं लिहिलंय, क्षेत्र चौरस फुटांत आहे की मीटरमध्ये, आणि खाली चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, दिल्यात का, एवढं पाहून इथेच लिहा. हस्तलिखित पत्रिकेची नकल मिळाली की तिच्यावरचा आकडाही कळवा. पुढचा अर्ज कोणाकडे करायचा ते त्यावरून सांगता येईल.