कारखाने अनेक, गिऱ्हाईक एक

प्रश्न : शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या कंपन्या एकाहून अधिक असूनही शेतकऱ्याला त्यांच्यातली स्पर्धा जाणवत नाही, असे का? आधीच खरेदीचा करार केला, तर तो सुरक्षित होतो का?

उत्तर : तोडलेला माल घेऊन शेतकरी किती लांब जाऊ शकतो, यावर स्पर्धा ठरते. ऊस तोडल्यापासून त्यातली साखर घटू लागते, टोमॅटो गाडीतच दबून पाणी सोडतो, आणि लांबच्या कारखान्याने थोडा जास्त भाव देऊ केला तरी तो वाहतुकीतच जिरतो. त्यामुळे नकाशावर पाच कारखाने दिसले, तरी गाडी वळवता येईल असा एखादाच उरतो. विकणारे अनेक आणि घेणारा एक, या स्थितीला अर्थशास्त्रात ‘मोनोप्सनी’ म्हणतात. जोन रॉबिन्सन यांच्या १९३३ च्या ग्रंथामुळे हा शब्द रूढ झाला.

पाठ्यपुस्तकातला असा खरेदीदार भाव पाडण्यासाठी खरेदी आवरती घेतो. शेतीत त्याला तेवढेही करावे लागत नाही, कारण पीक तयार होईपर्यंत बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च होऊन गेलेला असतो, आणि निदान तोडणी-वाहतुकीचे पैसे सुटले तरी शेतकरी माल देऊन मोकळा होतो.

पेरणीपूर्वी केलेला करार म्हणूनच उपयोगाचा. मात्र त्यात नुसता भाव लिहून भागत नाही. गाडी फाटकावर उभी असताना वजन कोणाच्या काट्यावर होणार, प्रत कोण लावणार आणि खराब माल म्हणून किती टक्के कापणार, हे सारे कंपनीच्याच हाती राहिले, तर कागदावरचा भाव कायम राहूनही पदरात कमी पडते. पैसे कधी मिळणार, हेही लिहून घ्यावे. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात मोठ्या खरेदीदारांना नाशवंत मालासाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली, ती याच अनुभवातून.

अर्थात कंपनी मोठी म्हणजे पिळवणूक, असे समीकरण मी मांडणार नाही. मोठ्या यंत्रांवर प्रक्रियेचा खर्च उतरतो, आणि जास्त भाव देणेही परवडते. शेतकऱ्याला दुसरे दार उघडे असेल, तर तो जास्त भाव बहुधा दिलाही जातो. दूध उत्पादकांच्या गटाने स्वतःचे शीतकरण केंद्र उभारले, तर तिथे टिकलेला एक दिवसही सौद्यात मोजला जातो, कारण तेवढ्या वेळात टँकर दुसऱ्या कारखान्यापर्यंत पोहोचू शकतो.