ईमेल-पत्त्याचं ‘पार्सिंग’: फोड की पदपरिस्फोट?

प्रश्न असा आहे: प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) ईमेलचा पत्ता ‘पार्स’ करतात, त्याला मराठीत काय म्हणावं? ‘विश्लेषण’ चालेल का?

‘विश्लेषण’ मला पटत नाही. विश्लेषण निवडणुकीच्या निकालाचंही होतं. इथलं काम त्याहून नेमकं आहे. शिवाय ‘पार्स’ हा मुळात संगणकाचा शब्दच नाही. लॅटिन ‘पार्स’ म्हणजे भाग; त्यावरून आलेला हा शब्द व्याकरणाच्या तासाचा. आपल्याही शाळेत तो प्रश्न असायचा: ‘अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा.’ शब्दाची जात सांगायची, मग लिंग, वचन, विभक्ती, वाक्यातलं कार्य. याचंच भारदस्त नाव पदपरिस्फोट.

आता हा पत्ता पाहा:

"कुलकर्णी, मीरा" <मीरा@उदाहरण.परीक्षा>

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं ‘पार्सअ‍ॅड्र’ हे फंक्शन याचे दोन तुकडे हातात देतं: दाखवायचं नाव आणि खरा पत्ता. एरवी स्वल्पविराम आला की पुढचा पत्ता सुरू होतो. इथला स्वल्पविराम मात्र अवतरणात आहे, म्हणून तो नावाचाच भाग. म्हणजे नुसतं कापून भागत नाही, कुठला तुकडा कोण हेही सांगावं लागतं. म्हणूनच ‘पदच्छेद’ (पदं सुटी करणं) हा सुंदर शब्द मला इथे अपुरा वाटतो. शाकल्याच्या पदपाठात ऋग्वेदातली पदं सुटी केलेली आहेत, पण त्यांची विभक्ती तिथे सांगितलेली नाही.

ओळख चुकली तर काय होतं, ते 2023 मध्ये याच फंक्शनमधल्या एका त्रुटीने दाखवलं. विशिष्ट चिन्हं घातलेल्या मजकुरातला भलताच तुकडा ते पत्ता म्हणून परत देई. त्यामुळे ‘अमुक डोमेनच्या (@ नंतरच्या नावाच्या) लोकांनाच प्रवेश’ असा पहारा चुकवता येण्याजोगा होता. पुढे त्यात कडक तपासणी आली, आणि संशयास्पद मजकुराला आता नाव आणि पत्ता या दोन्ही जागा रिकाम्या मिळतात.

अर्थाने ‘पदपरिस्फोट’च अचूक, पण बोलताना जड जातो. मी ‘फोड’ सुचवेन: पत्त्याची फोड करणे. संधीची फोड आपण करतोच, आणि तिथे नुसतं तोडत नाही, मूळचे दोन वर्ण कोणते तेही सांगतो. (अंगावर येतो तो फोड, आंब्याची ती फोड, आपली आंब्याच्या बाजूची, स्त्रीलिंगी.) ‘पार्सर’ (फोड करणारा प्रोग्रॅम) मात्र तसाच राहू द्यावा, तो रुळला आहे.

एक काळजी घ्यावी. @ च्या डावीकडचा भाग आणखी फोडू नये. त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार, ईमेलच्या प्रमाणकानुसार, उजवीकडच्या डोमेनच्या सर्व्हरचा आहे. त्यातला टिंब कुठे निरर्थक असतो, कुठे त्याने माणूसच बदलतो. आणि फोड झाली म्हणजे पत्ता खरा ठरला असंही नाही, त्या पेटीत पत्र पोचेल की नाही हे पाठवल्यावरच कळतं. म्हणून त्रुटीसंदेशात ‘पत्ता चुकीचा आहे’ असं सरसकट न लिहिता, जिथे अडलं तिथे ‘पत्त्याची फोड होत नाही’ असं लिहावं.