अफगाण शेजाऱ्यांसोबत सांस्कृतिक संध्याकाळ करायची आहे. कोणता चित्रपट दाखवावा, संगीत काय ठेवावं?

जर्मनीतल्या तुमच्या मराठी मंडळाला गावातल्या अफगाण कुटुंबांबरोबर कार्यक्रम करायचाय आणि चित्रपट म्हणून 'ओसामा' सुचवला गेलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी हॅम्बर्गमध्ये राहते. इथे अफगाण लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या कार्यक्रमांना मी आवडीने जाते, कधी खुर्च्या मांडायलाही. माझं मत विचाराल तर या संध्याकाळी 'ओसामा' नको.

चित्रपट उत्तमच आहे. तालिबानची पहिली राजवट गेल्यावर सिद्दीक बर्मक यांनी तो अफगाणिस्तानातच केला आणि २००४ मध्ये त्याला गोल्डन ग्लोब मिळालं. पण घर चालवायला केस कापून मुलगा बनलेल्या मुलीची ती गोष्ट आहे, आणि तिचं पुढे जे होतं ते पाहवत नाही. तुमच्या पाहुण्यांपैकी काहींनी तो काळ स्वतः काढलेला असणार. २०२१ मध्ये तालिबान परत आल्यापासून मागे राहिलेल्या बहिणी-भाच्यांच्या वाट्याला तेच पुन्हा आलंय. सणासारखं बोलवायचं आणि हेच पुढ्यात ठेवायचं, हे मला पटत नाही. परदेशात अफगाणिस्तान म्हटलं की पडद्यावर दुःखच दाखवलं जातं. ते खरं आहे, पण त्या लोकांकडे तेवढंच नाही.

त्याऐवजी अफगाण दिग्दर्शिका शहरबानू सादात यांचा 'द ऑर्फनेज' (२०१९) बघा. १९८० च्या दशकाच्या अखेरीचं काबूल, सिनेमाची तिकिटं ब्लॅकने विकणारा एक पोरगा, त्याला पकडून अनाथाश्रमात टाकतात. पोरगा हिंदी चित्रपटांचा वेडा, त्यामुळे त्याच्या मनातली स्वप्नं चक्क हिंदी सिनेमातल्या गाण्यांसारखी पडद्यावर येतात! मराठी आणि अफगाण प्रेक्षक एकाच जागी हसतील असा दुसरा चित्रपट मला माहीत नाही. शेवट मात्र हलका नाही, मुजाहिदीन, म्हणजे तेव्हाच्या सरकारविरुद्ध लढणारे सशस्त्र गट, शहरात येतात तिथे तो गंभीर होतो. लहान मुलं असतील तर आधी स्वतः बघून ठरवा. सादात २०२१ मध्ये काबूलमधून बाहेर पडल्या आणि हॅम्बर्गला आल्या.

चित्रपटानंतर चहाला वेळ ठेवा आणि ज्येष्ठांना 'खुदा गवाह'बद्दल विचारा. १९९२ च्या त्या चित्रपटाचं चित्रीकरण अफगाणिस्तानात झालं होतं. हा विषय निघाला की भाषेची अडचण उरत नाही, हे मी पाहिलंय. हसन फाझिली यांचा 'मिडनाईट ट्रॅव्हलर' हाही मोठा चित्रपट आहे. तालिबानच्या धमकीनंतर बायको-मुलींसह केलेला पळतीचा प्रवास त्यांनी तीन मोबाईलवर टिपला. पण तो वेगळ्या दिवशी, चर्चेसाठी ठेवा.

आता संगीत. मी पुण्यात सरोद शिकले, म्हणून इथे जरा रेंगाळते. अफगाण रबाब हा सरोदचा पूर्वज मानला जातो. तुतीच्या लाकडातून कोरलेलं अंग, वर ताणलेलं कातडं, खाली तरफांच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या, तारा. नाद सरोदपेक्षा कोरडा आणि जवळचा. २०२४ मध्ये युनेस्कोने रबाब घडवण्याची आणि वाजवण्याची कला आपल्या वारसा यादीत घेतली. नातं एकाच वाद्यापुरतं नाही. एकोणिसाव्या शतकात अमीर शेर अली खानाने हिंदुस्थानातून गवई-वादक काबूलला नेले आणि त्यांच्या वंशजांचा खराबात हा मोहल्ला संगीताचं घर बनला. तिथलेच गायक उस्ताद मोहम्मद हुसेन सराहंग पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँकडे शिकले. ते गात त्या गझला बहुतेक फारसी कवी बेदिलच्या, आणि बेदिल जन्मला पाटण्यात, वारला दिल्लीत. तुमच्या मंडळात कोणी तबला वाजवत असेल तर त्यांना रबाबवादकाबरोबर बसवा. तालीम फार लागणार नाही.

आणि हे सगळं त्यांच्या देशात आज गुन्ह्यासारखं झालंय. २०२३ मध्ये तालिबानने हेरात शहरात जप्त केलेल्या वाद्यांची होळी केली, त्यात पेटी आणि तबलेही होते. अहमद सरमस्त यांनी २०१० मध्ये काबूलला संगीतशाळा सुरू केली, जिथे मुली-मुलगे एकत्र शिकत. २०१४ मध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात आत्मघाती स्फोट झाला, सरमस्त यांना काही काळ ऐकू येईनासं झालं. त्यांनी शाळा बंद केली नाही. त्याच शाळेतल्या मुलींचा 'जोहरा' वाद्यवृंद २०१७ मध्ये दावोसला वाजला. २०२१ मध्ये शाळेशी संबंधित २७३ जणांना देशाबाहेर काढून पोर्तुगालला नेलं. तिथे ब्रागा शहरात शाळा पुन्हा उभी राहिली आणि २०२४ मध्ये हीच मुलं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आली. त्यांच्या मैफलींची चित्रणं सहज मिळतात, स्थानिक वादक मिळाला नाही तर ती लावा.

तारखेचं म्हणाल तर नवरोज, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, गाठा. तो २० किंवा २१ मार्चला येतो आणि काही वर्षी आपला पाडवा अगदी लागून असतो, २०२३ मध्ये तर २१ आणि २२ मार्च असे लागोपाठ आले होते. गुढी आणि हफ्त मेवा, म्हणजे पाण्यात भिजवलेला सात प्रकारचा सुकामेवा, एकाच टेबलाशेजारी छान दिसतील.

आमंत्रणपत्रिकेवर झेंडा छापण्याआधी त्या कुटुंबांना जरूर विचारा. तालिबानचा पांढरा झेंडा त्यांना अपमान वाटेल, आणि जुना तिरंगी हवा का हेही त्यांनीच ठरवावं. पाहुण्यांत पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक कोणीही असू शकतं. फक्त अत्तन हा पश्तूनांचा नाच ठेवलात तर हजारा कुटुंबांना त्यांचं तंतुवाद्य दंबुरा नाही याचं वाईट वाटेल. व्हिएन्नात राहणारे हजारा गायक दाऊद सरखोश यांचं 'सरजमीन-ए-मन' ('माझी मायभूमी') हे गाणं लावा, ते बहुतेक सगळेच बरोबर म्हणतात.

वादकांना मानधन द्या, थोडं का होईना. 'तुमच्याच संस्कृतीचा कार्यक्रम आहे' म्हणून निर्वासित कलाकारांना फुकट बोलावण्याची सवय इथे फार आहे आणि मला तिचा राग येतो. चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनाची परवानगी वितरकाकडून घ्यावी लागते. पत्र दोन-तीन महिने आधी पाठवा, आणि त्यातच जर्मन उपशीर्षकांची प्रत मागा.