नव्या गाडीचं ट्रान्समिशन गेलंय, ट्रेड-इन करू की लेमन क्लेम?

न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. दहा महिन्यांपूर्वी ४२,००० डॉलरची नवी एसयूव्ही घेतली, ६,००० डाउन पेमेंट. ५,००० माइलला ट्रान्समिशन स्लिप व्हायला लागलं, सिग्नल सुटला की आरपीएम नुसते वर जातात, गाडी जागची हलत नाही आणि मग गचकन गिअर पडतो. दोनदा रिपेअर झालं, १७ दिवस गाडी डीलरकडेच, तरी तेच. आता १३,००० माइल झालेत, लोन ३२,००० उरलंय आणि डीलर म्हणतो २८,००० देतो, ट्रेड-इन करून टाका, म्हणजे ही गाडी आम्हाला देऊन दुसरी घ्या.

नका करू, लेमन क्लेम करा, म्हणजे दुरुस्त करूनही न सुधारणारी नवी गाडी कंपनीला परत देऊन पैसे मागा. ट्रेड-इन केलं तर वरचे ४,००० नव्या लोनमध्ये घुसतील, डाउन पेमेंटवर पाणी सोडाल ते वेगळंच, आणि गाडी हातातून गेली की कंपनीला परत द्यायला तुमच्याकडे काय राहणार?

न्यू जर्सीचा लेमन लॉ पहिली २ वर्षं किंवा २४,००० माइल, जे आधी होईल तोपर्यंतच्या बिघाडांना लागू होतो. तोच बिघाड तीनदा रिपेअर करूनही राहिला किंवा गाडी एकूण २० दिवस दुरुस्तीत अडकली की तुमची बाजू भक्कम होते. तुमची दोन रिपेअर झालीत ना, मग शेवटची संधी देणारं पत्र आत्ताच पाठवता येतं. पण ते डीलरला नाही, गाडी बनवणाऱ्या कंपनीला, सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीट घेऊन. मिळाल्यापासून १० दिवसांत त्यांना एकदा दुरुस्ती करू द्यायची. झाली नीट तर उत्तमच, गाडी ठेवा. नाही झाली तर राज्याच्या लेमन लॉ युनिटकडे अर्ज, फी ५० डॉलर. वकील केलात आणि जिंकलात तर त्याची वाजवी फी कंपनीच्या माथी.

आता आकडे बघा. कंपनी गाडीची किंमत परत देताना तुम्ही केलेल्या वापरापोटी थोडे पैसे कापते. ही कपात आजच्या माइलवर नसते, पहिल्या तक्रारीच्या वेळच्या माइलवर असते: ४२,००० गुणिले ५,००० भागिले १,००,००० म्हणजे २,१००. सेल्स टॅक्स ६.६२५ टक्क्याने साधारण २,७८० परत मिळतो. लोन फेडून हातात साडेदहा हजारांच्या वर राहतात, शिवाय रजिस्ट्रेशन आणि लोनचं व्याजही मागता येतं. आणि ट्रेड-इनमध्ये उलट तुम्हीच ४,००० देणं लागता!

पहिल्या तक्रारीच्या वेळचे माइल पहिल्या रिपेअर ऑर्डरवर, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी डीलर देतो त्या कागदावर असतात, म्हणून ती जिवापाड जपा. प्रत्येक ऑर्डरवर माइल, गाडी दिल्याची-घेतल्याची तारीख आणि तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, नुसतं 'प्रॉब्लेम सापडला नाही' लिहिलं तर तिथेच उभं राहून मेकॅनिकला शेजारी बसवा आणि चालवून दाखवा.

रागाच्या भरात हप्ते मात्र थांबवू नका, बँकेला गाडीच्या बिघाडाशी देणंघेणं नाही, क्रेडिट तुमचंच खराब होईल. काही महिने जातील, पण एवढ्या पैशासाठी थांबणं परवडतं. पण मुलं गाडीत असताना हायवेवर नेऊ नका, भाड्याची गाडी घ्या, पावत्या ठेवा, वाजवी भाडं क्लेममध्ये मागता येतं. मधेच कंपनीने थोडी कॅश आणि वाढीव वॉरंटी देऊ केली तर सही करायच्या आधी त्या कागदात क्लेमचा हक्क सोडल्याचं लिहिलंय का ते वकिलाकडून वाचून घ्या.