आधी घर ऐकावे: गाणी लिहिणाऱ्या आणि घरीच रेकॉर्ड करणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी भुसावळला राहतो. नोकरी सांभाळून गाणी लिहितो, चाली बांधतो आणि घरीच रेकॉर्ड करतो. दहा बाय दहाची खोली आहे, वर स्लॅब आहे, भिंती गुळगुळीत गिलाव्याच्या आहेत. दोन इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र) आणि एक साधा कंडेन्सर माइक माझ्याकडे आहे. गाताना आवाज बरा वाटतो, पण रेकॉर्डिंग ऐकले की डब्यातून आल्यासारखा येतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावून पाहिले, फरक पडला नाही. शिवाय पंखा, कूलर आणि रेल्वेचा आवाज आहेच. पंचवीस हजार रुपये साठवले आहेत. त्यातून महागडा माइक घ्यावा काय?

उत्तर : माइक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगला माइक हा अधिक बारकाईने ऐकणारा कान असतो. आज आपल्याला खोलीचा जो पोकळपणा ऐकू येतो, तो उद्या अधिक स्वच्छ ऐकू येईल, एवढाच बदल होईल.

खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्र’ असा बारीक आवाज येत असेल, तर तो समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आपटत असल्याचा आहे. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत हा दोष क्वचितच आढळतो, कारण तेथील मातीच्या भिंती जाड आणि ओबडधोबड असतात, वर माती आणि लाकूड असते आणि कोपऱ्यात धान्याची पोती असतात. चुलत्यांचे किंवा मामाचे असे घर जवळच्या खेड्यात असेल, तर एक रविवार तेथे जाऊन गाऊन पाहावे, असे मी मनापासून सुचवतो.

दुसरा दोष खोलीच्या मापाचा आहे. दहा फूट म्हणजे सुमारे तीन मीटर. एवढ्या अंतराच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे ११२ हर्ट्झच्या आसपासचा, सूर घुमतो. लांबी आणि रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही दिशांनी तोच सूर फुगतो आणि ११२ हर्ट्झ हा तर पुरुषाच्या आवाजातल्या खर्जाकडचा भाग आहे. खोलीच्या अगदी मध्यभागी तो सर्वांत जास्त फुगतो आणि आपण बहुधा तेथेच उभे राहून गात असाल. मध्य सोडून भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर उभे राहा. याला एक रुपयाही लागत नाही.

अंड्यांच्या ट्रेचा उपयोग झाला नाही यात नवल नाही. पुठ्ठा पातळ आणि हलका असतो, आणि आवाज जिरवायला जाडी लागते. आपण कापसाच्या प्रदेशात राहतो, हे येथे आपल्या कामी येते. गादीवाल्याकडून चार इंच जाडीच्या, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच अशा चार गाद्या पिंजलेल्या कापसाच्या भरून घ्या, त्यांना साधी लाकडी चौकट करा आणि भिंतीला चिकटवण्याऐवजी भिंतीपासून चार इंच अंतर सोडून उभ्या करा. मागे सोडलेली पोकळी ही गादीच्या जाडीइतकीच कामाची असते. अशी व्यवस्था साधारण ४०० हर्ट्झच्या वरचा आवाज चांगला जिरवते. त्याखालचा घुमारा बराचसा उरतो आणि त्यासाठी वर सांगितलेली उभे राहण्याची जागाच उपयोगी पडते. दोन गाद्या गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन बाजूंना ठेवा, कारण माइकचे तोंड गाणाऱ्याकडे असल्यामुळे तो गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंतच ऐकत असतो. कापूस पेट घेतो, म्हणून विजेचा बोर्ड आणि वायर यांपासून गाद्या दूर ठेवा. हा खर्च झाल्यावरही आपल्या पंचवीस हजारांतील मोठी रक्कम शिल्लक राहील.

माइक आणि ओठ यांत एक वीत अंतर ठेवावे. अंतर दुप्पट केले की आपला आवाज माइकवर सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा आवाज मात्र जवळजवळ तसाच राहतो, आणि डब्याचा भास तेथूनच सुरू होतो. ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचे फुंकर बसत असतील, तर माइक किंचित तिरपा धरा. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि गाण्यातली सर्वांत जोराची जागासुद्धा उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. १६ बिटमध्ये कागदोपत्री ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, तर २४ बिटमध्ये १४४ चा. त्यामुळे गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण) कमी ठेवल्याने काही बिघडत नाही, पण एकदा फाटलेला आवाज मात्र पुन्हा शिवता येत नाही.

रेल्वेचा आवाज या गाद्या अडवणार नाहीत. खोलीतला आवाज जिरवणे हे एक काम आहे आणि बाहेरचा आवाज अडवणे हे वेगळे. दुसऱ्यासाठी जड भिंती आणि फट नसलेली दारे-खिडक्या लागतात, आणि भाड्याच्या खोलीत ते परवडत नाही. तेव्हा भिंतींऐवजी वेळ हाती घ्या. आठ दिवस एक वही ठेवा आणि कोणत्या वेळी कोणती गाडी जाते, शेजारची पाण्याची मोटर केव्हा सुरू होते, गल्लीतली मुले केव्हा शाळेत जातात, हे त्यात लिहा. माझ्या वहीत पहाटे पाऊणेपाच ते साडेपाच हा काळ निघाला आणि गेली कित्येक वर्षे माझी सगळी गाणी त्याच पाऊण तासात रेकॉर्ड झाली आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा पंखा आणि कूलर बंद करून दुपारी गाणे अशक्यच असते, पण पहाटे ते शक्य होते. आधी खोली थंड करावी, पंखा बंद करावा आणि पात्यांचा शेवटचा खरखराट थांबेपर्यंत गप्प बसावे. त्या शांततेत घर किती बोलते हे प्रथमच कळते.

एक गोष्ट माझ्या अनुभवाची सांगतो. माझ्या धुळ्याच्या घरी एका वैशाखात प्रत्येक ट्रॅकवर घूं असे बारीक हमिंग येऊ लागले. केबल बदलली, इंटरफेस मित्राकडे नेऊन पाहिला, तेथे सर्व ठीक होते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला की हमिंग थांबे. शेवटी वायरमनने अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला, तर आत माती भाजल्यासारखी कोरडी पडली होती. त्यात दोन बादल्या पाणी ओतले, आणि त्याच संध्याकाळी हमिंग जवळजवळ नाहीसे झाले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून हा सूर ५० आणि १०० हर्ट्झवर बसतो. तो मागाहून सॉफ्टवेअरने काढायला गेले तर गळ्यातला खर्जही त्याच्याबरोबर जातो. आपल्याकडे असे होत असेल तर आधी बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा आणि अर्थिंग जाणकाराकडूनच तपासून घ्या.

प्रश्न : मी अमळनेरची आहे. अहिराणीत गाणी लिहिते. पुण्यातले मित्र म्हणतात की प्रमाण मराठीत लिहिलेस तर जास्त लोक ऐकतील. मी तसा प्रयत्न केला, पण शब्द चालीवर बसत नाहीत, ओढून-ताणून बसवावे लागतात. काय करावे?

उत्तर : ताई, आपली चाल मुळात अहिराणीतच सुचली आहे, म्हणून तिच्यावर दुसरे शब्द बसत नाहीत. ‘माझ्या डोळ्यांत पाणी आले’ आणि ‘मन्हा डोयामा पानी उनं’ या दोन ओळी मोठ्याने म्हणून पाहा. ‘डोळ्यांत’ या शब्दाच्या मध्यावर ‘ळ’साठी जीभ वर वळते आणि शेवटी ‘त’ला अडते. त्यामुळे सूर लांबवायचा असेल तर ‘ळ्यां’वर थांबावे लागते, आणि ती जागा अवघड आहे. ‘डोयामा’ या शब्दात ‘ळ’चा ‘य’ होतो, जीभ कोठेही अडत नाही आणि शब्द मोकळ्या ‘आ’वर संपतो. त्या ‘मा’वर आपण पाहिजे तितका वेळ थांबू शकता. गाणाऱ्याच्या दृष्टीने हा फार मोठा लाभ आहे, आणि तो सोडून देण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर जी गाणी म्हणतात आणि श्रावणात कानबाई या आपल्या लोकदेवतेसमोर जी गाणी होतात, ती लक्ष देऊन ऐका. एका ओळीत अक्षरे जास्त, दुसरीत कमी, आणि तरी ठेका चुकत नाही, कारण तेथे मोजणी अक्षरांची नसून झोक्याच्या येरझाऱ्याची असते. जात्यावरच्या ओवीतही हात फिरत राहतो आणि शब्द त्या फेऱ्यात लांबतात किंवा आखडतात. तेव्हा लिहायला बसण्यापूर्वी ओळ दहा वेळा बोला, ज्या अक्षरावर बोलताना आपोआप जोर येतो तेथे टाळी द्या, आणि मग ती दादऱ्याच्या सहा मात्रांत येते की केरव्याच्या आठ मात्रांत, हे पाहा. मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक लय मोजून देणाऱ्या यंत्राचा, क्लिक त्यानंतर लावावा. आधी क्लिक लावून ओळ लिहिली की बोलीची लय मोडते आणि भाषांतर केल्यासारखे गाणे हाती येते.

ऐकणारे कमी होतील ही भीतीही मला पटत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आणि सुरतेपर्यंत पोटासाठी गेलेल्या आपल्या माणसांत अहिराणी गाणी लग्नाच्या मांडवापासून मोबाइलपर्यंत सर्वत्र वाजत आहेत. पुण्याच्या मित्रांसाठी हवे तर गाण्याखाली अर्थ लिहून द्या.

प्रश्न : मी शिरपूरचा. माझे एक गाणे गावाकडे बरेच चालले. आता एक निर्माते पंधरा हजार रुपये एकरकमी देऊन ‘सर्व हक्क कायमचे’ अशा एका पानाच्या कागदावर सही मागत आहेत. गीत आणि चाल माझी, संगीत संयोजन मित्राचे. सही करावी काय?

उत्तर : आज करू नये. आधी कागद घरी आणून वाचावा आणि वकिलाला दाखवावा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ साली त्यात गीतकार-संगीतकारांच्या बाजूची महत्त्वाची दुरुस्ती झाली. गीत आणि चाल यांच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला निम्मा वाटा हा कर्त्याचा हक्क आहे आणि तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (कर्त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही, असे कलम १८ सांगते. ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द कागदावर असले, तरी हा वाटा त्यामुळे जात नाही. कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो, त्यात कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच करार धरला जातो. म्हणून ‘कायमचे’ हा शब्द खोडून तेथे तीन किंवा पाच वर्षे असा आकडा घालण्याचा आग्रह धरा.

नोंदणी केली नाही म्हणून हक्क नाही, असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. गाणे लिहून किंवा रेकॉर्ड होऊन तयार झाले की हक्क निर्माण होतो आणि कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. मात्र ते गाणे आपलेच, हे दाखवायला पुरावा लागतो, म्हणून तारखेसह वही आणि मूळ फाइली जपून ठेवा. १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासद होण्याचाही विचार करा.

मित्राचा वाटा किती, हे मात्र निर्मात्याकडे जाण्यापूर्वी चहा पिताना दोघांनी कागदावर लिहून सह्या कराव्यात. गाणे चालल्यावर तुटलेल्या मैत्र्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी कोणाचीही नियत वाईट नव्हती, फक्त काही लिहिलेले नव्हते.

स्ट्रीमिंगच्या उत्पन्नाबद्दल आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलेल्या ट्रॅकलाच रॉयल्टी मिळते. तेव्हा घरखर्च त्यावर धरू नका. कार्यक्रमांचे मानधनच पुढची काही वर्षे आपल्याला सांभाळील.

प्रश्न : माझी आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आम्ही चोपड्याजवळच्या खेड्यात राहतो. तिला आखाजीची आणि जात्यावरची पुष्कळ गाणी येतात. ती माझ्या गाण्यांत वापरायची आहेत. चांगला माइक घेईपर्यंत थांबावे की मोबाइलवरच रेकॉर्ड करावे?

उत्तर : थांबू नका. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने आणि नातलगाने त्यांच्या ओव्या कागदावर उतरवून ठेवल्या, म्हणून १९५१ साली त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी त्या कविता महाराष्ट्रासमोर येऊ शकल्या. उतरवून घेणारे ते हात नसते तर काय हरवले असते, हे खान्देशातल्या कोणालाही सांगावे लागू नये.

फोन विमान मोडवर टाका, घडी केलेल्या गोधडीवर आजीपासून हातभर अंतरावर ठेवा, आणि शक्य असेल तर वेव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलीच्या) स्वरूपात रेकॉर्ड करा. सुरुवातीला तारीख, गाव आणि आजीचे माहेर कोणते हे आपल्या आवाजात बोला, कारण पुढे चाली ओळखताना माहेरचे गाव फार उपयोगी पडते. हार्मोनियम किंवा क्लिक लावून तिला गायला सांगू नका. ती मध्ये थांबली, विसरली, हसली, तर रेकॉर्डिंग चालूच राहू द्या. त्याच संध्याकाळी फाइलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. परंपरेने आलेली गाणी सर्वांची असली, तरी आपल्या गाण्यात तिची चाल येईल तेव्हा तिचे नाव अवश्य द्या.

आणि पहिल्या उत्तरात पंखा बंद करायला मी सांगितले आहे, ते येथे लागू नाही. उन्हाचे दिवस असतील तर पंखा चालू राहू द्या, फोन तेवढा वाऱ्यापासून बाजूला सरकवा, आणि आजीला पाणी देऊन तिचे गाणे सुरू होण्याची वाट पाहा.