क्ले शूटिंगला (हवेत उडणाऱ्या चकत्या शॉटगनने पाडायचा खेळ) एक सिनियर काका बंद गन, म्हणजे बिजागरीतून न उघडलेली, घेऊन फिरतात, बॅरल आपल्यावर येते, कसं सांगू?

लगेच सांग, राउंड संपायची वाट नको बघूस. "काका, गन उघडा ना जरा" एवढंच, हसत पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. इथे मुंबईत बरेच जण वरळीला रायफल-पिस्तूलवर शिकलेले, तिथे हत्यार टेबलावर असतं, क्लेला मात्र एका स्टेशनवरून (उभं राहून नेम धरायची जागा) दुसऱ्यावर गन हातात घेऊन चालायचं असतं आणि घोळ तिथेच होतो. डबल बॅरल उघडी असली की दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामे आहेत हे लांबूनही दिसतं, बंद गनचं "रिकामीच आहे रे" कोणाचंही मानू नकोस. काडतूस फक्त आपली पाळी आली की घालायचं, स्टेशनवर उभं राहून, गनचं तोंड मैदानाकडे.

अजून एक, काडतूस उडालं नाही की काही जण "बघ ना काय झालं" म्हणत गनसकट मागे वळतात, मला त्याचीच जास्त भीती वाटते. बॅरल मैदानाकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, मग उघडायची.

काकांनी नाही ऐकलं तर रेंज ऑफिसरला (मैदानावर सुरक्षा बघणारा) सांग, ही चहाडी नाही. तोही "जाऊ दे रे, जुने आहेत" म्हणाला तर सरळ बॅग भर आणि घरी ये.