वाचकांचे प्रश्न: लाटांतल्या शर्यतीसाठी हलका पॅडलबोर्ड

प्रश्न: माझं वजन 78 किलो. दोन वर्षं नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, हवा भरायच्या 14 फुटी पॅडलबोर्डवर (उभं राहून वल्हवायची लांब फळी) सराव करतो. आता समुद्रातली शर्यत करायची आहे. 23 इंच रुंद, 10 किलोचा जुना कार्बन बोर्ड मिळतोय. घ्यावा का?
– एक वाचक, पैठण

उत्तर: नको. वजनाला भुलू नका, आधी रुंदी बघा. 23 इंची बोर्ड सकाळच्या संथ धरणावर सरळ सुटेल, पण समुद्रात लाट बाजूने आली की तुमचे पाय तोल सावरण्यातच भरून येतील आणि पॅडलला जोर उरणार नाही. हिशेब करा: तुम्ही, बोर्ड, पॅडल मिळून साधारण 90 किलो. बोर्डात एक किलो वाचला तरी एकूण ओझं एका टक्क्याच्या आसपासच घटतं. उलट एकदा पडलात की पुन्हा चढून लय धरेपर्यंत पुढचा कुठच्या कुठे गेलेला असतो. हलकेपणाचा फायदा आहेच. लाट मागून उचलते तेव्हा हलका बोर्ड पटकन वेग धरतो. पण तो फायदा स्थिर उभं राहणाऱ्याला मिळतो.

तुमच्यासाठी 14 फूट लांब, 25 ते 26 इंच रुंद, 270 ते 300 लिटर आकारमानाचा बोर्ड बघा. वजन 11-12 किलो असलं तरी चालेल. एवढे लिटर कशाला, असं वाटेल. लाटेत बुडालेलं नाक, म्हणजे बोर्डाचं पुढचं टोक, पटकन वर यायला हवं, म्हणून. उभं राहायची जागा खोलगट असेल तर तोल बराच सोपा जातो, मात्र तिथे पाणी साचतं. निचऱ्याची भोकं मोठी आहेत ना, ते पाहून घ्या. नाकाला खालून चांगला उठाव हवा. संथ पाण्याच्या बोर्डाचं सरळ, धारदार नाक उतारावर पुढच्या लाटेच्या पाठीत घुसतं आणि बोर्ड आडवा फिरतो. उठाव असला तरी लाट लागताच एक पाऊल मागे घ्यावंच लागतं. ही सवय धरणावर वारा सुटल्यावर लावून घ्या. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा परवानगीचं आधी बघा.

जुना बोर्ड घेताना वजनकाट्यावर ठेवा. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा किलोभर जास्त भरला तर आत पाणी शिरलंय असं समजा. नाण्याने सगळीकडे टकटक करा. आवाज बद्द झाला तर तिथे थर सुटलाय. पाय ठेवायच्या जागी अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागली तर सोडून द्या.

प्रश्न: आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. बोर्ड पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला तर चालेल?
– एक वाचक, परभणी

उत्तर: अजिबात नाही. कार्बन बोर्डाच्या आत थर्मोकोलसारखा फोम असतो. उन्हात त्यातली हवा फुगते आणि वरचा थर उचलला जातो. काळ्या बोर्डाचं तर विचारूच नका. सावलीत, भिंतीला आडवा, पांढऱ्या चादरीखाली ठेवा. आतली हवा बाहेर जाऊ देणारा स्क्रू हाताने उघडायच्या प्रकारचा असेल तर घरात आणि गाडीवर तो सैल ठेवा, पाण्यात उतरण्याआधी घट्ट करा. तापलेला बोर्ड थेट पाण्यात टाकू नका: आतली हवा आकसते आणि बारीकशा चिरेतूनही पाणी ओढून घेते. आधी दहा-पंधरा मिनिटं सावलीत निवू द्या. हवा भरायचा बोर्ड उन्हात पडून राहणार असेल तर थोडी हवा काढून ठेवा.

गाडीच्या टपावर न्यायचा तर पट्टा मधे एक पीळ देऊन बांधा, वाऱ्यात घोंगावणार नाही. करकचून आवळू नका, कडा दबतात. 14 फूट म्हणजे सव्वाचार मीटर. छोट्या गाडीच्या बाहेर टोक येतंच, त्याला लाल फडकं बांधा.